वॉर्सा येथील पुरलेलें दप्तर व रिंगेलब्लूम यांच्या टिपणांचा पाठ

डॉ. एम्मानुएल रिंगेलब्लूम यांच्या वॉर्सा येथील टिपणांचें जेकब स्लोन यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९५८ सालीं प्रसिद्ध झालें. इंग्रजी जाणणारा वाचक या टिपणांकडे वळला म्हणजे बहुधा याच ग्रंथापाशीं येतो, आणि त्यांतील उतारे घेऊन आपला लेख सजवितो. हा ग्रंथ ज्या पाठावर उभा आहे तो पाठ अपुरा व छाटलेला आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानीं येत नाहीं. अपुऱ्या प्रतीवरून प्रमाण देणें हा कोणत्याही संशोधनांत दोषच होय. परंतु येथें तो नेहमींपेक्षां भारी आहे. कारण ज्या कागदांचा पाठ छाटला गेला ते कागद लिहिणें व राखणें हेंच मुळीं एका मोठ्या प्रतिकाराचें कृत्य होतें. हें म्हणणें स्पष्ट करण्यासाठीं प्रथम त्या दप्तराची हकीकत सांगणें अवश्य आहे.

जर्मनांनीं पोलंड जिंकल्यावर वॉर्सा शहरांतील यहुदी लोकांस एका भागांत लोटण्यांत आलें, व १६ नोव्हेंबर १९४० रोजीं तो भाग भिंतींनीं बंद करण्यांत आला. या कोंडलेल्या वस्तीस घेटो म्हणतात. साडेतीन चौरस किलोमीटरांहून कमी जागेंत १९४१ च्या पूर्वार्धांत सुमारें साडेचार लक्ष माणसें राहत होतीं. वस्ती बंद होऊन सहा दिवस होतात न होतात तोंच, २२ नोव्हेंबरास, रिंगेलब्लूम यांनीं जमविलेल्या मंडळीची पहिली रीतसर बैठक झाली. रिंगेलब्लूम यांचा जन्म १९०० सालीं गॅलिशिया प्रांतांतील बुचाच या गांवीं झाला. मध्ययुगीन वॉर्सांतील यहुद्यांच्या इतिहासावर प्रबंध लिहून त्यांनीं १९२७ सालीं डॉक्टर ही पदवी मिळविली होती, आणि चरितार्थासाठीं ते शाळेंत इतिहास शिकवीत असत. मंडळीच्या बैठकी शनिवारीं, म्हणजे शब्बाथच्या दिवशीं, भरत. म्हणून तिला ‘ओयनेग शाबेस’, अर्थात् शब्बाथचा आनंद, हें नांव पडलें. शब्बाथच्या दिवशींच्या घरगुती मेळाव्यास यहुदी लोक हेंच नांव देतात. त्यामुळें परक्याच्या कानीं तें पडलें तरी त्यांत संशय येण्याजोगें कांहीं नव्हतें.

या कामांत पन्नाससाठ माणसें गुंतलेलीं होतीं. हेर्श वासर हे चिटणीस. शिमोन हुबरबांड हे धर्मगुरु. धार्मिक आचार कसे चोरून पाळले जात हें ते लिहीत. पेरेत्स ओपोचिन्स्की घेटोंत टपाल वाटीत फिरत, आणि जिने चढतां उतरतां जें दिसे त्याचे लेख करीत. त्सेत्सिलिया स्वापाकोवा निरनिराळ्या थरांतील स्त्रियांस प्रश्न विचारून त्यांच्या हकीकती उतरून घेत. राखेल आउअरबाख एक अन्नछत्र चालवीत व तेथें येणाऱ्या भुकेल्यांची नोंद ठेवीत. अब्राहम लेविन हे रिंगेलब्लूम यांच्याप्रमाणेंच शिक्षक. या सर्वांस सर्व गोष्टी ठाऊक नसत, आणि कागद कोठें ठेवले जातात हें तर फारच थोड्यांस माहीत असे.

पद्धतीविषयीं दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या पाहिजेत. एक अशी कीं, हकीकत ताबडतोब लिहून घ्यावी असा त्यांचा कटाक्ष होता. दुःखावर दुःख इतक्या वेगानें कोसळत होतें कीं, नव्या आघातानें जुन्याची आठवण पालटून जाई. गेल्या महिन्यांतील हाल आजच्या हालांपुढें सुख वाटूं लागत. पुढें लिहूं म्हणणारा मनुष्य पुढचेंच लिहितो, हें त्यांनीं ओळखलें होतें. दुसरी गोष्ट ही कीं, एकाच प्रसंगाविषयीं निरनिराळ्या पक्षांच्या, वयांच्या व धंद्यांच्या माणसांस विचारावें, विषयांची यादी व प्रश्नावलि आधीं तयार करावी, आणि आपल्याच लोकांस लाज आणणारी गोष्टही गाळूं नये. या दुसऱ्या नियमाचा पुढें संबंध येणार आहे.

दप्तरांत जर्मन अधिकाऱ्यांचीं फर्मानें, चोरून छापलेलीं वर्तमानपत्रें, रोजनिशा, अभ्यासलेख हें तर आहेच. परंतु त्यांच्याच बरोबर शिधापत्रिका, ट्रामचीं तिकिटें, नाटकांचीं जाहिरातपत्रकें, मिठाईचीं वेष्टनें आणि शाळेंतील मुलांचे निबंध आहेत. हद्दपारीच्या गाडींतून फेंकलेलीं पोस्टकार्डें आहेत. एकेका बिऱ्हाडांत अनेक कुटुंबें कोंबलेलीं असल्यामुळें कोणासाठीं घंटा किती वेळां वाजवावी हें सांगणारीं दारांवरचीं टिपणेंही आहेत. आपल्यांतील कित्येक हौशी संग्राहक शिक्कामोर्तबाचें पत्र तेवढें ठेवून बाजारहाटाच्या याद्या रद्दींत घालतात. त्यांनीं ही सामग्री एकवार डोळ्यांखालून घालावी. कै. राजवाडे यांनीं माळ्यांवरून व तळघरांतून दप्तरें गोळा केलीं तेव्हां त्या कागदांचे लेखक इहलोक सोडून शतक लोटलें होतें. वॉर्सांत लिहिणारा, जमविणारा व मरणारा हे तिघे एकच होते. उपलब्ध झालेल्या दस्तऐवजांची संख्या सुमारें ६,००० असून पृष्ठें सुमारें ३५,००० भरतात. युनेस्कोनें १९९९ सालीं या दप्तरास जगाच्या स्मृतीच्या नोंदपटांत स्थान दिलें.

आतां, कागद जमविणें यास प्रतिकार म्हणावें काय, असा प्रश्न कोणी करील. घेटोचा प्रतिकार म्हणजे १९ एप्रिल १९४३ रोजीं उठलेला व महिनाभर टिकलेला सशस्त्र उठाव, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्या उठावाचें मोल कमी करण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. लढाऊ संघटनेचीं पत्रकेंही याच दप्तरानें राखलीं आहेत. परंतु संस्कृतांत प्रतिकार या शब्दाचा अर्थ केवळ उलट प्रहार असा नाहीं. रोगावरील उपाय यासही प्रतिकारच म्हणतात. जो अपाय करूं घातला आहे तो जेणेंकरून निष्फळ होईल तें कृत्य म्हणजे प्रतिकार. तेव्हां शत्रूचा बेत काय होता हें प्रथम पाहिलें पाहिजे. माणसें तर मारावयाचींच, परंतु तीं कशीं जगलीं व कोणीं मारलीं हें सांगणाराही उरूं द्यावयाचा नाहीं, असा तो बेत होता. उठाव मोडल्यावर एसएसचा सेनाधिकारी श्ट्रोप यानें छायाचित्रांसह एक बांधीव अहवाल वरिष्ठांकडे धाडला. वॉर्सांतील यहुदी वस्ती आतां उरली नाहीं, असें त्याचें शीर्षक होय. आणि पकडलेल्या व मारलेल्या माणसांची संख्या त्यानें ५६,०६५ अशी एककापर्यंत मोजून दिली आहे. हीं माणसें कोण होतीं, काय खात होतीं, कशास हंसत होतीं, मुलांस काय शिकवीत होतीं, यांतील एक अक्षर त्यांत नाहीं. ओयनेग शाबेसचे कागद नष्ट झाले असते तर त्या नगराचा इतिहास पुष्कळ अंशीं मारणाऱ्याच्याच हिशेबवहीवरून लिहावा लागला असता.

शिवाय हे कागद केवळ पुढील पिढ्यांसाठीं नव्हते. खेउम्नो येथें बंद मोटारींत विषारी धुरानें माणसें मारीत. तेथून जानेवारी १९४२ मध्यें निसटलेला श्लामेक नांवाचा तरुण वॉर्सास पोंचला. हेर्श वासर व त्यांच्या पत्नी ब्लूमा यांनीं त्याची जबानी लिहून घेतली, आणि पोलिश भूमिगत संघटनेमार्फत ती देशाबाहेर धाडण्यांत आली. पुढें १५ नोव्हेंबर १९४२ रोजीं, वस्तीचा बहुतेक संहार झाल्यावर, वॉर्सांतील यहुद्यांच्या विनाशाचा सविस्तर अहवाल याच मंडळीनें तयार करून लंडनला पाठविला.

२२ जुलै १९४२ पासून दोन महिने रोज हजारों माणसें त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीस नेण्यांत आलीं. एकूण संख्या अडीच लाखांहून अधिक होती. त्या गडबडींत, ऑगस्टच्या आरंभीं, इस्रायल लिख्टेनस्टाइन या शिक्षकांनीं नोवोलिपकी रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेंत दोघां विद्यार्थ्यांच्या मदतीनें दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. डेव्हिड ग्राबर हा एकोणीस वर्षांचा, नाहुम ग्झिवाच अठरांचा. तिघांनींही कागदांबरोबर आपापलीं मृत्युपत्रें ठेवलीं. शेजारचा रस्ता वेढला गेला आहे, असें ग्राबर लिहितो. आईबापांच्या घराला वेढा पडल्याचें कळलें, मी तिकडे धांवत जातों, माझें नांव लक्षांत ठेवा, असें ग्झिवाच लिहितो. लिख्टेनस्टाइन स्वतःसाठीं कांहीं मागत नाहींत; चित्रकार पत्नी गेला सेक्स्टाइन व तान्ही मुलगी मार्गोलित यांचें स्मरण राहावें एवढीच त्यांची इच्छा. जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यास या मृत्युपत्रांचा प्रकार ओळखीचा वाटेल. पोथी लिहून झाली म्हणजे आपला लेखक शेवटीं नांव व तिथि घालतो आणि तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून तिचें रक्षण करा अशी विनवणी करतो. हीं त्या दप्तराचीं पुष्पिकावाक्यें होत.

पाण्याचें भय येथें खरें ठरलें. पेट्यांचीं झांकणें डाख लावून बंद केलेलीं नव्हतीं. १८ सप्टेंबर १९४६ रोजीं, वासर यांच्या माहितीवरून, ढिगाऱ्याखालून त्या काढल्या तेव्हां आंत पाणी शिरून कागद भिजलेले व शाई पसरलेली होती. दुसरा सांठा फेब्रुवारी १९४३ मध्यें दुधाच्या दोन मोठ्या बरण्यांत पुरला होता. तो १ डिसेंबर १९५० रोजीं बांधकामाच्या मजुरांस सांपडला, आणि त्याची स्थिति पुष्कळच बरी होती. तिसरा सांठा आजतागायत मिळाला नाहीं. मंडळीपैकीं युद्धानंतर जिवंत राहिलीं तीं वासर पतिपत्नी व राखेल आउअरबाख, अशीं तिघेंच.

रिंगेलब्लूम यांचीं स्वतःचीं यिद्दिश टिपणें याच दप्तरांतून आलीं. तीं रोजनिशीसारखीं सलग नाहींत. वाक्यें तुटक, नांवें संक्षिप्त. आरंभींचा कांहीं भाग पत्राच्या वेषांत लिहिलेला. हिटलरास होरोवित्स म्हटलेलें. पुढें सवड मिळाली तर यांवरून इतिहास लिहावयाचा, या बेतानें केलेली ही कच्ची खर्डेवही होय. असा पाठ छापणें म्हणजे सूत्रग्रंथ छापण्यासारखें आहे. टीका हवी, परंतु सूत्राचें अक्षर हलतां कामा नये.

प्रत्यक्षांत काय झालें तें पाहूं. टिपणांतील निवडक भाग वॉर्सांतील यहुदी इतिहाससंस्थेच्या नियतकालिकांत १९४८ सालीं आला. नंतर १९५२ सालीं संस्थेचे संचालक बर्नार्ड मार्क यांच्या देखरेखीखालीं यिद्दिश ग्रंथ निघाला. त्या वेळीं पोलंडांत साम्यवादी राजवट पूर्ण जोरांत होती, आणि राज्यकर्त्यांच्या मतास न मानवणारे उतारे त्या ग्रंथांतून गाळले गेले. जोसेफ केर्मिश हे पूर्वीं वॉर्सांतच या कागदांवर काम केलेले व पुढें जेरुसलेम येथील याद वाशेम संस्थेंत गेलेले संशोधक. त्यांनीं १९५३ सालीं लेख लिहून या टिपणांचे पाठ कसे विकृत झाले आहेत हें उघड केलें. असें असतांही पांच वर्षांनीं स्लोन यांचें भाषांतर १९४८ व १९५२ च्या छापील मजकुरावरूनच झालें. स्लोन यांस फार दोष देतां येत नाहीं. मूळ हस्तलिखित वॉर्सांत होतें आणि तें त्यांच्या हातचें नव्हतें. परंतु पुढील वाचकांचा दोष कमी होत नाहीं. वॉर्सांतच १९६१ व १९६३ सालीं दोन भागांत पुष्कळ अधिक विस्तृत यिद्दिश पाठ निघाला; १९८३ सालीं आर्तुर आइझेनबाख यांनीं संपादिलेली पोलिश आवृत्ति आली; आणि रूटा साकोव्स्का यांच्या पहिल्या खंडानें १९९७ सालीं संपूर्ण दप्तर छापण्याची माला सुरू झाली, ती पस्तीस खंडांच्या पलीकडे गेली आहे. त्या मालेंत रिंगेलब्लूम यांच्या लेखनासही स्वतंत्र स्थान मिळालें. इतकें झाल्यावरही १९५८ च्या पुस्तकांतूनच उतारे द्यावयाचे, म्हणजे भांडारकर संस्थेची महाभारताची संशोधित आवृत्ति समोर असतां बाजारी पोथीवरून प्रमाण देण्यासारखें आहे.

मार्क यांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, कांहीं गाळून छापलें नसतें तर कदाचित् कांहींच छापतां आलें नसतें. ही अडचण खरी असेल. पण लेखकाची अडचण काय होती तीही तोलून पाहावी. १९४३ मध्यें रिंगेलब्लूम यांस पकडून त्राव्निकी येथील छावणींत टाकलें. भूमिगत मंडळींनीं त्यांस तेथून सोडविलें. आणि नंतर ते ग्रुयेत्स्का रस्त्यावरील एका बागेखालच्या तळघरांत पत्नी व मुलासह लपून राहिले. तेथें तीस-चाळीस माणसें कोंडलेलीं होतीं. त्यांचें जीवित एका पोलिश माळ्याच्या इमानावर अवलंबून होतें. अशा स्थितींत त्यांनीं युद्धकाळांतील पोलिश व यहुदी यांच्या संबंधांवर पोलिश भाषेंत ग्रंथ लिहिला. आश्रय देणाऱ्यांचें ऋण त्यांनीं मान्य केलें, परंतु पैशासाठीं लपलेल्यांस धमकावणारे व पकडून देणारे यांविषयीं, आणि उदासीन राहिलेल्या बहुसंख्यांविषयीं, एक शब्दही मऊ केला नाहीं. त्याचप्रमाणें, १९४२ च्या उन्हाळ्यांत स्वजनांस गाड्यांकडे ओढून नेणाऱ्या यहुदी पोलिसांविषयीं त्यांनीं जें लिहिलें तितकें कठोर त्यांच्या शत्रूंविषयींही क्वचितच असेल. ७ मार्च १९४४ रोजीं तें तळघर उघडकीस आलें, आणि थोड्याच दिवसांत सर्वांस ठार मारण्यांत आलें. माळी मियेचिस्वाव वोल्स्की हेही सुटले नाहींत. मरणाच्या दाढेंत बसून ज्यानें कोणासही न दुखविण्याची सोय पाहिली नाहीं, त्याचा मजकूर सोयीसाठीं छाटणें हा त्याच्या कामाचाच अर्थ पुसणें आहे.

याचा अर्थ रिंगेलब्लूम यांचें प्रत्येक वाक्य प्रमाण मानावें असा नव्हे. ते डाव्या विचारांच्या पक्षाचे होते, आणि जर्मनांनीं नेमलेल्या यहुदी मंडळावर त्यांचा मनापासून रोष होता. मंडळाचे अध्यक्ष आडाम चेर्न्याकुफ यांनीं २३ जुलै १९४२ रोजीं विष घेतलें. त्याविषयीं रिंगेलब्लूम यांचें मत असें कीं, हें फार उशिरा केलें, दुबळ्या माणसाचें कृत्य केलें, लोकांस प्रतिकारास हांक द्यावयास हवी होती. चेर्न्याकुफ यांच्या रोजनिशीच्या वह्या १९६४ सालीं याद वाशेमकडे आल्या. नऊ वह्यांपैकीं पांचवी हरवली आहे. राहिलेल्यांवरून दिसतें कीं, हा मनुष्य कैदेंतील लोकांच्या सुटकेसाठीं रोज अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवीत होता, आणि मुलांस गाडींत घालण्याची वेळ आली तेव्हां त्यानें आपला हात त्यास लावला नाहीं. रिंगेलब्लूम यांचा निवाडा एकांगी आहे असें माझें मत आहे. तरी पण तो निवाडा जसाच्या तसा छापलाच पाहिजे, व त्याखालीं चेर्न्याकुफ यांची नोंद द्यावी. हें काम टीपेचें आहे, कात्रीचें नव्हे.

दुसरें उदाहरण घ्या. २६ जून १९४२ रोजीं लंडनच्या नभोवाणीवरून पोलंडांतील यहुद्यांच्या हत्येची बातमी सांगितली गेली. तिच्या आनंदांत रिंगेलब्लूम यांनीं लिहिलें कीं, आपल्या मंडळीनें मोठें ऐतिहासिक कार्य तडीस नेलें. या श्रेयाची वांटणी मात्र बारकाईनें झाली पाहिजे. बुंद नांवाच्या यहुदी समाजवादी पक्षानें मे महिन्यांत धाडलेला अहवाल त्या सुमारास लंडनला पोंचला होता, आणि बातमींतील सात लक्ष मृतांचा आंकडा त्या अहवालांतला. ओयनेग शाबेसची माहितीही त्याच वाटांनीं बाहेर जात होती. तिचा वाटा किती, तें अहवालांचा परस्परांशीं ताळा घालूनच ठरेल. आपल्याकडे विजयाचें श्रेय देणारें एक पत्र हातीं लागलें कीं दुसऱ्या घराण्याचें दप्तर उघडून पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं, तसें येथें होऊं नये.

सॅम्युएल कासो यांच्या २००७ सालच्या ‘आमचा इतिहास कोण लिहील’ या अर्थाच्या नांवाच्या इंग्रजी ग्रंथानें या मंडळीस जगापुढें आणलें. त्यांतील व्यक्तिचित्रें इतकीं सजीव आहेत कीं, ग्रंथ मिटल्यावरही तीं माणसें भोंवतीं वावरतात. हस्तलिखितांच्या अभ्यासकास मात्र थोडी रुखरुख राहते: माणसें जितकीं ठसठशीत उमटलीं तितके कागद उमटले नाहींत. कोणत्या लेखाच्या किती नकला, कोणती पेटींतली व कोणती बरणींतली, हस्ताक्षर कोणाचें, हें पाहण्यासाठीं पुन्हां मूळ सूचींकडेच जावें लागतें. कासो हे इतिहास लिहीत होते, सूची नव्हे, हें खरें. पण अशा वाचकाचेंही समाधान त्या ग्रंथानें केलें असतें तर तो सर्वांगपूर्ण झाला असता.

भाषेचा प्रश्नही लहान नाहीं. दप्तर मुख्यतः यिद्दिश व पोलिश भाषांत आहे, कांहीं भाग हिब्रूंत. वर उल्लेखिलेले लेविन यांची रोजनिशी २२ जुलै १९४२ पर्यंत यिद्दिशमध्यें चालते, आणि हद्दपारी सुरू झाली त्या दिवसापासून ती हिब्रूंत लिहिलेली आहे. घरगुती बोली टाकून शास्त्राची भाषा त्यांनीं कां धरली, हें ते सांगत नाहींत. भाषांतर वाचणाऱ्यास, संपादकानें टीप दिली नाहीं तर, हा पालट दिसतही नाहीं. पुढील वाक्य मागील वाक्यासारखेंच चालू राहतें.

म्हणून मराठींत या टिपणांतून कांहीं देऊं इच्छिणाऱ्या लेखकानें तें कोणत्या आवृत्तीवरून घेतलें हें सालासह नमूद करावें. घेतलेलें वाक्य स्लोन यांच्या ग्रंथांतील असेल तर १९६१-६३ च्या यिद्दिश पाठाशीं तें ताडावें. यिद्दिश येत नसेल तर १९८३ ची पोलिश आवृत्ति जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावी. तिथि जर्मन फर्मानांशीं व चेर्न्याकुफ यांच्या रोजनिशीशीं जुळवून पाहाव्या, आणि नोव्हेंबर १९४० च्या पुढील तिथींसाठीं पडताळा घेतांना पांचवी वही उपलब्ध नाहीं हें ध्यानांत ठेवावें.